उंबरावरचा भाऊबंद
(प्रस्तावना)

मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंत पसरलेल्या डोंगररांगांवर, साधारण एक हजार ते तीन हजार मीटर उंचीच्या पट्ट्यात, वर्षातले बहुतेक दिवस ढग झाडांच्या अंगावरून सरकत असतात. फांद्यांवर शेवाळ चढलेले, शेवाळात नेचे आणि ऑर्किड रुजलेली, खोडांवरून पाणी ठिबकत असलेले. या ओल्या हिरव्यात एक तितकाच हिरवा पक्षी राहतो, टूकानेट. टूकान कुळातला हा लहान चणीचा सदस्य. त्यातला पाचू टूकानेट चोचीसकट सुमारे तीस ते पस्तीस सेंटिमीटर लांब भरतो. अंग पाचूच्या रंगाचे, शेपटीखाली तांबूस तपकिरी, चोच काळी आणि तिच्या वरच्या कडेने पिवळा पट्टा. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८३३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि १८३५ मध्ये या हिरव्या टूकानेटांसाठी ‘आउलाकोऱ्हिंकस’, म्हणजे खोबणीदार चोचीचे, अशी वेगळी प्रजाती मांडली. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात बसून या पक्ष्याविषयी काय बोलायचे, असा प्रश्न वाचकाला पडणे साहजिक आहे. इथली जमीन काळी, उन्हाळा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचा, वावरात कपाशी, सोयाबीन आणि तूर, आणि मोर्शी-वरुडकडे संत्र्याचे बगीचे. चिखलदऱ्यावर ढग उतरतात खरे, पण ते पावसाळ्याचे पाहुणे. मेळघाटचे रान पानगळीचे आणि सागाचे आहे. तरीही माझे म्हणणे असे की टूकानेटचा भाऊबंद रिद्धपूरच्या उंबरावर आणि वडावर आजही राहतो. आपण त्याला तांबट म्हणतो. हे नाते नीट समजून घेतले तर गावातल्या जुन्या झाडाकडे, आणि विशेषतः त्याच्या वाळक्या फांदीकडे पाहण्याची आपली नजर बदलते.

टूकानचे चित्र दाखवून आपल्याकडे याच्यासारखे कोण, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले आहे: धनेश. राखी धनेश अमरावती जिल्ह्यात दिसतो, शहरातल्या जुन्या झाडांवरही येतो. त्याची चोच मोठी आणि बाकदार, उडण्याची ढब जड, खाणे फळांचे, घर झाडाच्या ढोलीत. हे सगळे टूकानशी जुळते, म्हणून उत्तर पटकन पटते. पण साम्य आणि नाते या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बागेतल्या शिंजीराला हमिंगबर्ड म्हणण्यात जी चूक होते तीच इथे होते: दोघे फुलांतला मध पितात म्हणून दोघांची चोच लांब आणि बारीक झाली, पण वंशाने ते एकमेकांपासून फार दूर आहेत. धनेशाचे जवळचे नातलग म्हणजे हुदहुद आणि त्याचे सोयरे. धनेशाच्या मानेतले पहिले दोन मणके एकमेकांत जोडलेले असतात, टूकानमध्ये तसे नाही. धनेशाची जीभ आखूड असते, चोचीच्या टोकात धरलेले फळ ती घशापर्यंत नेऊ शकत नाही, म्हणून तो फळ हवेत उडवून गिळतो. टूकानही फळ मागे फेकतो, पण त्याची जीभ लांब, अरुंद आणि कडेने पिसासारखी चिरलेली असते. धनेशाची पुढची तीन बोटे बुडाशी जुळलेली; टूकानची दोन पुढे आणि दोन मागे. अंडी घालायच्या वेळी धनेशाची मादी ढोलीत शिरून दाराला लिंपण घालते आणि चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. टूकानची कोणतीही मादी असे करत नाही. मोठी चोच दोघांकडे आली ती उंच झाडावर, बारीक फांद्यांच्या टोकाला लोंबणारी फळे खुडायची गरज दोघांना होती म्हणून. शिवाय चोचीला दुसरीही कामे लागतात. मोठ्या टोको टूकानवर २००९ साली झालेल्या अभ्यासात दिसले की चोचीतला रक्तप्रवाह कमीजास्त करून तो पक्षी अंगातली उष्णता बाहेर टाकतो किंवा राखतो. ज्या अवयवावर गरजेचा इतका ताण असतो त्याचा आकार लवकर बदलतो. वंशाच्या प्रश्नात म्हणूनच चोच ही कच्ची साक्षीदार ठरते.

मग पक्की साक्ष कुणाची? पायाची, घरट्याची, पिलाची आणि आता जनुकांची. टूकानप्रमाणेच तांबटाचीही दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. इथे एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे: पोपटाची आणि कोकिळेची बोटेही तशीच असतात, मग तेही भाऊबंद मानायचे का? नाही. पायाच्या आत पाहावे लागते. बोटे मिटवणाऱ्या दोन खोल स्नायूंपैकी एकाची कंडरा फक्त मधल्या बोटाला जाते आणि दुसऱ्याची बाकीच्या तिन्हींना, ही खास बांधणी सुतार, तांबट आणि टूकान यांच्यात सापडते. पोपटात किंवा कोकिळेत नाही. दुसरी खूण पिलांची. तांबटाची आणि टूकानची पिले उघडी, आंधळी जन्मतात आणि त्यांच्या घोट्यामागे जाड, खडबडीत गादी असते. गवताकाडीचे मऊ अस्तर नसलेल्या ढोलीच्या लाकडी तळावर आठवडेच्या आठवडे टाचांवर बसून काढायचे असतात, त्यासाठीची ही सोय. पिसे फुटून पिलू बाहेर पडल्यावर ती झडून जाते. अंडी दोघांचीही पांढरी, कारण अंधारात रंगाची गरज पडत नाही.

या खुणांवरून एवढे कळते की ही सगळी एका घराण्यातली माणसे आहेत. त्यात कोण कोणाच्या किती जवळ, हा प्रश्न गेल्या शतकाच्या शेवटी सुटला. पूर्वी आशिया, आफ्रिका आणि अमेरिका या तिन्ही खंडांतले तांबट एकाच कुळात घातले जात आणि टूकान वेगळ्या कुळात. चार्ल्स सिब्ली आणि जॉन अल्क्विस्ट यांनी पक्ष्यांच्या डीएनएची तुलना सुरू केल्यावर या मांडणीला तडा गेला. १९८८ मध्ये रिचर्ड प्रम यांनी हाडे आणि इतर अवयवांच्या रचनेवरून तोच निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडला: टूकान हे तांबटांच्या बाहेरचे नव्हेत, तांबटांच्याच वंशवृक्षात फुटलेली ती एक फांदी आहे. अमेरिकेतले तांबट आशियातल्या तांबटांपेक्षा टूकानला अधिक जवळचे निघाले. त्यामुळे आता तांबटांची अनेक कुळे मानतात आणि आपल्या तांबटाचे कूळ आशियातले, स्वतंत्र आहे. हे सांगणे भाग आहे, कारण तांबट हा टूकानेटचा सख्खा भाऊ आहे असा दावा केला तर तो खोटा ठरेल. सख्खे अमेरिकेतच आहेत. रिद्धपूरचा तांबट चुलत घराण्यातला. पण सातपुड्याच्या या बाजूला तांबट-टूकानच्या गोतातले जे कोणी आहेत ते तांबटच, लहान तांबट आणि रानाकडचा मोठा तांबट म्हणजे कुटुरगा. धनेश त्या गोतात येत नाही.

रंगाचे काय? दोघेही हिरवे, दोघांच्या अंगावर भडक ठिपके, म्हणून रंगातच नाते शोधण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा, आणि हे टूकानेटच आपल्याला शिकवतो. पाचू टूकानेटचा गळा मेक्सिकोकडे पांढरा, कोस्टारिकात निळा, तर दक्षिणेच्या अँडीजमध्ये काळपट असतो. ढगांतली राने डोंगरमाथ्यांवर बेटांसारखी सुटी असतात. मधल्या उष्ण दऱ्या हा पक्षी ओलांडत नाही. प्रत्येक माथ्यावरची वस्ती आपल्यापुरती वेगळी पडली आणि गळ्याचा रंग बदलत गेला. त्यांना एक जात म्हणावे की अनेक, यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. आपल्या तांबटाची गोष्टही तशीच. अंग हिरवे, कपाळावर आणि गळ्याखाली लाल टिकला, डोळ्यांभोवती पिवळे, पाय लाल, पोटावर हिरव्या रेघा, हा आपला ओळखीचा पक्षी. पण जावा-बालीकडच्या त्याच जातीच्या चेहऱ्यावर पिवळ्याच्या जागी लाल आहे. जो रंग एका जातीतही टिकत नाही, तो दोन कुळांमधला दुवा कसा ठरेल?

समुद्रांनी तोडलेल्या तीन खंडांत एक घराणे कसे पोहोचले, हा पुढचा प्रश्न. खंड एकमेकांपासून सरकले तेव्हा पक्षीही वाटले गेले, असे उत्तर सोपे वाटते, पण दक्षिणेकडचे खंड वेगळे होण्याचा काळ या घराण्याच्या मानाने फारच जुना आहे. युरोपात आज एकही तांबट नाही, तरी तिथल्या मायोसीन काळाच्या थरांत तांबटासारख्या पक्ष्यांचे जीवाश्म सापडले आहेत. तेव्हा उत्तरेकडचे हवामान उबदार होते आणि फळांची राने वरपर्यंत पोहोचली होती. पुढे थंडी वाढली, उत्तरेकडची घरे रिकामी झाली आणि उष्ण पट्ट्यात उरलेल्या शाखा आपापल्या खंडात वाढल्या, हे स्पष्टीकरण पुराव्याशी अधिक जुळते.

आता मुख्य आक्षेप. नाते सिद्ध झाले, पण त्याने काय साधले? दूरच्या खंडातल्या नातलगाचे नाव घेतल्याने आपला पक्षी मोठा होत नाही, हे मला मान्य आहे. तांबटाला टूकानच्या ओळखीची गरज नाही. पण नाते हे प्रतिष्ठेसाठी सांगायचे नसते. त्यातून गरजा कळतात. चोच बदलली, रंग बदलला, एकाच्या नशिबी ढग आले आणि दुसऱ्याच्या नशिबी वऱ्हाडचे ऊन, तरी दोन गोष्टी बदलल्या नाहीत: फळ आणि पोकळ लाकूड. टूकानेटला बारमाही फळ लागते आणि ढोली लागते; तांबटालाही नेमके हेच लागते. ज्या गरजा इतक्या वेगळ्या हवामानातही सुटल्या नाहीत त्या या घराण्याच्या हाडीमासी खिळलेल्या आहेत. धनेशाला मापदंड धरून विचार केला असता तर आपण म्हटले असते की या पक्ष्यांना मोठे रान आणि प्रचंड खोड हवे, आणि गाव त्यात बसलेच नसते. तांबटाकडे पाहिल्यावर कळते की एक उंबर आणि त्याची एक वाळकी फांदी एवढ्यातही हा संसार उभा राहतो.

फळाचा भाग आधी. वड, पिंपळ, उंबर, पाकर, नांद्रुक ही सारी एका घराण्यातली झाडे. त्यांची फुले फळाच्या आत दडलेली असतात आणि त्यांचे परागण अगदी बारीक गांधीलमाशा करतात. बहुतेक जातींची माशी वेगळी. या माशीचे आयुष्य काही दिवसांचे. म्हणून परिसरात त्या जातीचे एखादे तरी झाड कायम फळावर असावे लागते, नाहीतर माशी संपेल आणि तिच्यामागे झाडही. या जुन्या करारामुळेच बाकीचे रान रिकामे असते तेव्हाही उंबराच्या खोडाला फळांचे घोस दिसतात. तांबट दिवसाकाठी आपल्या वजनाच्या दीडपट ते जवळपास तिप्पट फळे खातो असे नोंदले गेले आहे. बारीक बिया त्याच्या विष्ठेतून दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात, विहिरीच्या कठड्यात, देवळाच्या भेगेत पडतात आणि तिथे पिंपळ उगवतो. मैना, बुलबुल, कोकिळाही हे काम करतात. तांबट एकटा नाही. डोंगरातल्या टूकानेटचे फळ वेगळे असते. तिथे ॲव्होकॅडोच्या कुळातली, म्हणजे आपल्या दालचिनी-तमालपत्राच्या गोतातली झाडे पुष्कळ. त्यांची बी मोठी असते. टूकानेट फळ गिळतो, गर पचवतो आणि बी दूर कुठेतरी ओकून टाकतो. बी उंबराची असो की डोंगरातल्या झाडाची, ती पक्ष्याच्या पोटातूनच पुढे जाते.

लाकडाचा भाग अधिक महत्त्वाचा, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. टूकानेट बहुधा सुतार पक्ष्याने सोडलेली ढोली घेतो, फार तर सडके लाकूड टोकरून ती मोठी करतो. तांबट मात्र स्वतः कारागीर आहे. वाळलेल्या, आतून मऊ झालेल्या फांदीच्या खालच्या बाजूला नर आणि मादी मिळून गोल भोक कोरतात, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. त्यात तीन-चार अंडी घालून दोघेही आळीपाळीने उबवतात. चोचीच्या बुडाशी राठ केस असतात. युरोपीय भाषांत या पक्ष्यांना दाढीवाला अशा अर्थाचे नाव मिळाले ते त्यांच्यामुळे. पण ही चोच सुतारासारखी कणखर नाही. जिवंत, कडक लाकूड तिला फोडता येत नाही. म्हणून तांबटाचे घर फक्त मेलेल्या फांदीत होते. तो सोडून गेल्यावर त्या घरात दयाळ किंवा रानचिमणी येते. एका वाळक्या फांदीत एकामागून एक असे कितीतरी संसार होतात. आणि गावात झाडाची निगा राखायची म्हटले की सर्वांत आधी हीच फांदी उतरते: जळणासाठी, विजेच्या तारांसाठी, कधी नुसते झाड नीटस दिसावे म्हणून.

यावर दोन बाजूंनी उत्तर येईल. पहिले असे की तांबट दुर्मीळ नाही. खरेच नाही; जागतिक यादीत तो चिंतेच्या बाहेरच्या गटात आहे, आणि तो संकटात आहे असे भासवून सहानुभूती मिळवणे मला मान्य नाही. उलट टूकानेटच्या घराण्यातल्या काही जाती खरोखर अडचणीत आहेत, कारण डोंगरावरच्या पक्ष्याला वर सरकायला माथ्याच्या पुढे जागा नसते. कोस्टारिकातल्या मोन्तेव्हेर्देच्या ढगांच्या रानावर १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोरडे, धुक्याविना जाणारे दिवस वाढल्याचे आणि सखल भागातला रंगीत चोचीचा टूकान वर येऊन घरटी करू लागल्याचे नोंदले आहे. तांबटाची स्थिती अशी नाही. पण ‘सर्वत्र आहे’ याचा अर्थ ‘या गावात राहील’ असा होत नाही. पक्षी देशाच्या नकाशावर राहत नाही; तो एका झाडावर राहतो. रस्ता रुंद होताना कडेचे वड गेले, धुऱ्यावरचा उंबर सावली पाडतो म्हणून गेला, तर देशातल्या आकड्यात काहीच हलणार नाही आणि त्या शिवारातला तांबटाचा ठोक्यासारखा आवाज मात्र बंद पडेल.

दुसरे उत्तर माणसाच्या बाजूने येते, आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. वाळकी फांदी पडते. शाळेच्या आवारात, बसथांब्यावर, देवळाच्या ओट्यावर ती डोक्यावर ठेवा असे कोणी म्हणू शकत नाही. संत्र्याच्या बागेतही रोगट सल काढावीच लागते. त्या बारीक फांद्यांत तांबटाला घर करता येत नाही, त्यामुळे तिथे वादच नाही. तो बागेतल्या पेरूला किंवा आंब्याला कधी चोच लावतो, पण त्याची भिस्त उंबर-पिंपळावर असते, आणि ती झाडे धुऱ्यावर असतील तर बागेकडे वळायचे कारणही कमी होते. उरतो प्रश्न माणसांच्या वाटेपासून दूर असलेल्या झाडांचा, आणि त्यांतल्या बहुतेक फांद्या उतरवायला सवयीपलीकडे कारण नसते.

हे सगळे रिद्धपूरच्या संदर्भात लिहायला मला आणखी एक कारण आहे. शके १२०० च्या सुमारास, म्हणजे १२७८ च्या आसपास, महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी लीळाचरित्राची जुळवाजुळव केली ती याच गावात. ज्यांनी त्यातल्या गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे ते स्वतः गेले, आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. मराठी गद्याची सुरुवात अशा साक्षी तपासण्यातून झाली, ही मला साधी गोष्ट वाटत नाही. केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात जन्मांधांनी हत्ती चाचपल्याचा दृष्टांत आहे. ज्याच्या हाताला जो अवयव लागला तोच त्याला सगळा हत्ती वाटला. टूकानची चोच पाहून धनेश म्हणणारी नजर त्याहून वेगळी नाही. आणि महानुभावांची स्थानपोथी तर कोणते स्थान कुठे, कोणत्या दिशेला, कशाच्या शेजारी, हे नोंदवत जाते. याच पद्धतीने गावातल्या झाडांची नोंद व्हावी असे मला मनापासून वाटते: कोणता वड, कोणती फांदी, भोक कोणत्या बाजूला, कोणत्या महिन्यात कोण आत-बाहेर करताना दिसले. रिद्धपुरात २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. तांबट, जुकटुक, पुकपुक्या, सोनार अशी या एकाच पक्ष्याची मराठी नावे आहेत आणि त्यांतली बहुतेक कानाने दिलेली आहेत. कोणत्या गावात कोणते नाव चालते, हेही त्याच वहीत लिहिता येईल.

पुढील पानांत तांबटाची जी माहिती येते ती या क्रमाने वाचावी: आधी झाड, मग फांदी, मग पक्षी. थंडीत तो जवळपास गप्प असतो. ऊन वाढू लागले की उंच फांदीच्या टोकाला बसून, चोच मिटलेली ठेवून, गळा फुगवून तो मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देतो आणि ठोके देताना डोके इकडून तिकडे वळवतो, म्हणून आवाज नेमका कुठून येतो ते चटकन कळत नाही. त्याची वीण साधारण जानेवारीपासून जूनपर्यंत चालते. जळणासाठी फांद्या उतरवण्याचे दिवसही बहुतेक तेच, कारण तेव्हा वावरात काम कमी असते आणि लाकूड कोरडे असते. फांदी तोडण्याआधी तिच्या खालच्या बाजूला रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे गोल भोक आहे का, एवढे पाहायला खाली उभे राहून मान वर करावी लागते. भोक असेल तर पिले जूनअखेर बाहेर पडलेली असतात, आणि पहिल्या पावसानंतरही ती फांदी तशीच वाळकी असते.